काकींनी शिकवलेली राखी

मी सहावीत गेले त्या वर्षी आमच्या शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि पहिल्याच दिवशी प्रार्थना झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, की पहिले दोन आठवडे कुणी पुस्तक उघडायचं नाही. आम्ही पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. घरोघरच्या आईबापांची तोंडं मात्र एरंडेल प्यायल्यासारखी झाली. "मग फी कशाची घेतात?" हा प्रश्न त्या संध्याकाळी मीरा रोडच्या निम्म्या मराठी घरांत विचारला गेला असणार. आमच्या घरी तो बाबांनी बूट काढता काढता विचारला.

बाईंचं म्हणणं साधं होतं. प्रत्येकाने आपल्या घरातलं नाहीतर इमारतीतलं एक मोठं माणूस धरायचं. ते माणूस हाताने जे काम करतं ते त्याच्याकडून शिकायचं, आणि स्वतः करायचं. दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी ती वस्तू आणि ते माणूस, दोन्ही घेऊन शाळेत यायचं. मग सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, मला हे कुणी शिकवलं. बाई म्हणाल्या, "थर्माकोल दिसला तर मी स्वतः कचऱ्यात टाकीन."

ही दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा प्रोजेक्ट म्हणजे थर्माकोल, दुसरा अर्थच नव्हता. पाचवीतला माझा ताजमहाल बाबांनी केला होता. मी त्याच्यावर फक्त चमकी टाकली, आणि ती एकाच घुमटावर सांडली म्हणून ओरडा खाल्ला. नया नगरच्या तोंडाशी एक स्टेशनरीवाला होता, तो गणवेश बघूनच बोलायला लागायचा, "कौनसी क्लास? सौरमंडल तैयार है, ज्वालामुखी कल आएगा." त्या वर्षी आमच्या शाळेचं एकही पोर फिरकेना, तेव्हा त्याने मला हाक मारून विचारलं, "ये कौनसी मॅडम आई है? मेरा धंदा बंद करेगी क्या?"

मला मात्र बाईंची कल्पना ऐकताक्षणी आवडली होती, आणि त्याचं कारण शिक्षण-बिक्षण काही नव्हतं. मला आईला शाळेत न्यायचं होतं. ती कधीच आली नव्हती. पालकसभेला नाही, गॅदरिंगला नाही. मी पाचवीत नाचात कोळीण झाले, नाकात नथ घालून, तेव्हाही नाही. तिच्या ऑफिसात रजा मागायची म्हणजे साहेबाच्या टेबलासमोर दहा मिनिटं उभं राहायचं, आणि ती दहा मिनिटं ती आजारपणासाठी राखून ठेवायची. मला हे सगळं समजावून सांगितलेलं होतं. समजलं म्हणून दुखायचं थांबतं थोडंच!

आम्ही आदल्या वर्षीच लालबागहून मीरा रोडला राहायला आलो होतो. दोन खोल्या, स्वतःचा संडास, बाल्कनीला जाळी. आई-बाबा सकाळी सातला बाहेर पडायचे ते रात्री आठला उगवायचे. मी दीडला शाळेतून यायची. किल्ली गळ्यात, गणवेशाच्या आत. डब्यातली पोळी-भाजी खायची, ताट घासायचं, आणि मग साडेसहा तास माझे. लालबागला दार बंद केलं की लोक विचारायचे, भांडण झालंय का. इथे दार उघडं ठेवलं की विचारायचे, कोई आनेवाला है क्या. मी पंख्याशी बोलायची. शेजारच्या घरांतल्या कुकरच्या शिट्ट्या मला ओळखू यायच्या, पण त्या घरांतली माणसं रस्त्यात दिसली असती तर ओळखली नसती. या सगळ्याला एकटं वाटणं म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. दुपारी चारच्या सुमाराला घशात काहीतरी यायचं आणि मला वाटायचं, आता आपल्याला ताप येणार.

तर, आईच्या लग्नातल्या रुखवतात तिने स्वतः विणलेलं क्रोशाचं तोरण होतं. मी ठरवून टाकलं, आईकडून क्रोशे शिकायचं. म्हणजे शनिवारी तिला यावंच लागेल. आईने सोमवारी सांगितलं, "रविवारी बसू हं निवांत." रविवारी आठवड्याचे कपडे निघाले. मग बाबांचे चुलतभाऊ न कळवता सहकुटुंब आले, त्यांचं जेवण झालं, चहा झाला. चार वाजता आई एकदाची सुई-दोरा घेऊन माझ्यासमोर बसली. दोन टाके घातले आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मी तिला झोपू दिलं असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं. मी तिला गदागदा हलवून उठवलं. ती दचकली, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी नक्की."

पुढचा रविवार शनिवारनंतर येतो, हे मी तिला सांगितलंसुद्धा नाही. मी चिडकी होते. अजून आहे, नवरा सांगेल. मी आत जाऊन उशीवर बुक्क्या मारल्या.

सोमवारी दुपारी मी जिन्यात उभी होते. घरात शिरायचंच नव्हतं मला. समोरच्या काकींचं दार उघडं होतं. आमच्या मजल्यावर दिवसा उघडं असणारं तेवढं एकच दार. काकी रत्नागिरीकडच्या. नवरा गेलेला, एकुलता मुलगा बोटीवर. त्याच्यासाठीच हे घर घेतलं, आणि तो नऊ-नऊ महिने समुद्रात. काकी एकट्या. घरात एक पोतं कायम असायचं. ते काय आहे ते मी कधी विचारलं नव्हतं, कारण आईने सांगितलं होतं, उगाच कुणाच्या दारात उभं राहायचं नाही.

"काय गो, किल्ली हरवली?" त्यांनी आतूनच विचारलं.

"नाही."

"मग भाहेर काय करतेस?"

"उभी आहे."

"ती दिसतेस मला. आत ये नि बसून उभी राहा."

मी हसले नाही, पण आत गेले. लादीवर रंगच रंग होते. लाल, पिवळं, केशरी रेशीम, जरीचे तारे, मणी. राख्या! राखीपौर्णिमेच्या दोन-अडीच महिने आधीपासून भाईंदरहून एक माणूस सामान आणून टाकायचा आणि झालेला माल घेऊन जायचा. आमच्या भागात कितीतरी बायका हे काम घरी करायच्या. बाजारात ज्या राख्या चकाचक दिसतात त्या कुणाच्या तरी पायाच्या अंगठ्यातून निघालेल्या असतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. काकी भिंतीला टेकून बसत, उजवा पाय पुढे पसरत आणि रेशमाचा पदर अंगठ्यात अडकवून ताणून धरत. मग दुसऱ्या धाग्याने मध्ये तीन वेढे, गाठ, दोन्हीकडून कात्री. उरलेल्या झुबक्यावर तारेचा ब्रश फिरवला की तो फुगून गोल फूल व्हायचा. त्याच्या मधोमध तारा चिकटवायचा. एक राखी व्हायला मला माझं नाव दोनदा लिहायला लागेल तेवढाच वेळ लागायचा.

"मला शिकवाल?" मी विचारलं.

"तुझी आई ओरडेल."

"आई घरी नाहीये."

"ते मला काय सांगतेस? तुमच्या कुलपाचा आवाज मी रोज ऐकते," काकी म्हणाल्या आणि सरकून मला भिंतीशी जागा केली.

पहिल्या दिवशी माझ्या गाठी सुटल्या. दुसऱ्या दिवशी इतक्या घट्ट बसल्या की रेशीमच तुटलं. काकी शिकवताना गोड-बिड बोलत नसत. "हात हाय का फावडा?" म्हणायच्या. चुकलेली राखी माझ्यासमोर उसवायच्या आणि परत माझ्याच हातात द्यायच्या. मी रडकुंडीला आले की म्हणायच्या, "रड हां, पण धागा ओला करू नको." बुधवारी माझं पहिलं फूल नीट फुगलं. काकींनी ते उजेडात धरलं, सगळीकडून फिरवलं आणि झालेल्या मालाच्या पेटीत टाकलं. म्हणजे माझी राखी दुकानात जाणार होती! दुपारचे चार वाजून गेले तरी घशात काही आलं नाही, हे मला संध्याकाळी आठवलं.

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं, शनिवारी शाळेत याल का.

"मी? शाळेत?" त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "मी चौथीत सोडली गो शाळा. बाई मला काय विचारतील?"

"बाई मला विचारणार. कुणी शिकवलं म्हणून. मी तुमचं नाव सांगणार. मग सगळे टाळ्या वाजवणार."

"नाव घेणार? माझं? सगळ्यांसमोर?"

"हो मग! नियमच आहे तसा."

त्या उठल्या. कपाट उघडलं आणि एकेक साडी काढून मला दाखवायला लागल्या. ही फार भडक, ही जुनी, ही कशी दिसेल शाळेत? शेवटी मुलाने आणलेली मोरपंखी रंगाची ठरली. तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिथे असतानाच मुलाचा फोन आला. बोट कुठल्याशा बंदराला लागली होती. लाइन खराब असावी, काकी ओरडून बोलत होत्या. "अरे, मला शाळेत बोलावलंय! शाळेत! नाय रे, शिकायला नाय, शिकवणारी म्हणून! माझं नाव घेणारेत!" त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्यांना कुणी कशाला बोलावलंय असं त्या घरात आल्यापासून घडलंच नसावं.

आईला मी राखी मंगळवारीच दाखवली होती. रेशीम तुटलेलं होतं, तरी ती छान म्हणाली. मग भाजी ढवळता ढवळता म्हणाली, "त्या बाहेरचं काम आणतात ना? असू दे. पण शाळेत नुसतं राखी करायला शिकले एवढंच सांग. मजुरीचं वगैरे नको काढूस." का नको, ते मी विचारलं नाही. आमच्या घरात काही गोष्टी न विचारताच कळायच्या. आपण ऑफिसवाले. आपल्याकडे बायका नोकरी करतात, पोती आणत नाहीत.

गुरुवारी रात्री जेवताना आई म्हणाली, "शनिवारचं बघते गं, अर्धा दिवस मिळतोय का." आणि मी, माझ्या जिभेला काही हाड नव्हतं, म्हणाले, "नको येऊस. माझ्याबरोबर काकी येणारेत. त्यांना वेळ असतो."

आईचा घास हातात राहिला. बाबा म्हणाले, "नीट बोल." मी ताट उचलून निघून गेले. मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

शनिवारी सकाळी काकी माझ्याआधी तयार होत्या. मोरपंखी साडी, डोक्याला तेल, हातात पिशवी, पिशवीत रेशीम आणि ब्रश. रिक्षात त्यांनी मला दोनदा विचारलं, "बाईंना नमस्कार करायचा की गुड मॉर्निंग?" वर्गात प्रत्येक बाकाशेजारी एक खुर्ची ठेवली होती, शिकवणाऱ्या माणसासाठी. जेसल पार्कच्या एका मुलीची आई चकल्यांचा सोऱ्या घेऊन आली होती. भाईंदरपलीकडच्या डोंगरी गावाहून बसने येणाऱ्या एका मुलीने मासेमारीची जाळी विणणाऱ्या आजोबांना आणलं होतं. ते काही खुर्चीवर बसेनात, "मना खालीच बरा हाय" म्हणून फरशीवर मांडी ठोकली. काकींनीही एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा बाकीच्या आयांकडे, आणि मला म्हणाल्या, "मी मागं बसते. तुझी पाळी आली की हाक मार." आणि त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

माझा नंबर आठवा होता. सहावा मुलगा बोलत असताना दारात आई दिसली.

घामाने डबडबलेली, एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. ऑफिसच्या अर्ध्या वाटेवरून परत फिरली होती ती, ते मला नंतर कळलं. ती दारात उभी राहून मला शोधत होती. माझ्या तोंडून "आई!" असं इतक्या जोरात निघालं की बोलणारा मुलगा थांबला. मी तिला हाताला धरून ओढत आणलं आणि खुर्चीवर बसवलं. तिच्या अंगाला पावडरचा आणि घामाचा वास येत होता. सगळा वर्ग बघत होता, आणि मला वाटलं, बघा. बघा सगळ्यांनी. मला आई आहे.

मागच्या बाकाकडे मी पाहिलं नाही. विसरले असं म्हणणार होते, पण विसरले नव्हते. मी पाहिलं नाही.

माझी पाळी आली. मी राखी उंच धरली, रेशीम कसं फुगवतात ते सांगितलं. मुख्याध्यापिका बाई स्वतः पुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. राखी हातात घेऊन म्हणाल्या, "किती सफाई आहे गं! कुणी शिकवलं तुला?"

मी म्हणाले, "आईने."

टाळ्या वाजल्या. आईने माझ्याकडे झटकन पाहिलं. मी समोर फळ्याकडे बघत राहिले. आता ती बोलेल, आता ती नाही म्हणेल, असं मला वाटत होतं. ती बोलली नाही. ती हसली, थोडी मान खाली घालून, जशी एखादी कौतुक झालेली बाई हसते.

"वा! मग एक करून दाखवा ना आम्हाला," बाई म्हणाल्या.

बाकावर माझं रेशीम होतं. आईने ते उचललं. एका हातात धरलं, दुसऱ्या हातात धरलं. धागा गुंडाळायला गेली तर तो निसटला. परत गुंडाळला, परत निसटला. खुर्चीवर बसून, साडी सावरत, बाकाच्या कडेला धागा ताणत ती गाठ मारायला बघत होती. तशी गाठ बसतच नाही. कुणीतरी पोर फिसकन हसलं. आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तेवढ्यात मागून काकी आल्या. मला न बघता, सरळ बाईंना नमस्कार करून म्हणाल्या, "मी यांच्या समोर राहते. त्या ऑफिसातून धावत आल्यात, हात थरथरतोय त्यांचा. मी दाखवू का? मला पण यांनीच शिकवलं."

हे त्या अगदी सहज म्हणाल्या. मग आईच्या हातातून रेशीम घेतलं, चपला काढल्या आणि मोरपंखी साडी गुडघ्याखाली दाबून फरशीवर बसल्या. अंगठ्यात धागा अडकवला. वेढे, गाठ, कात्री, ब्रश. सगळा वर्ग गलका करत भोवती जमला. डोंगरीचे आजोबा म्हणाले, "हात बघा बाईचा हात!" बाईंनी ती राखी उचलून आईच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "शिष्या तयार केलीत तुम्ही." पुन्हा टाळ्या. काकींनीही वाजवल्या.

येताना आम्ही तिघी एकाच रिक्षात होतो. मी मध्ये.  घर आल्यावर काकी आईला म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आलात. पोरीचं तोंड बघायला पाहिजे होतंत." आणि कुलूप उघडून आत गेल्या. दार त्यांनी लावलं नाही, नेहमीसारखं उघडंच ठेवलं.

आमचं दार लागल्यावर आई म्हणाली, "तू त्यांचं नाव का नाही घेतलंस?"

"तू का नाही सांगितलंस?" मी ओरडले. "तू मोठी आहेस! तू का गप्प बसलीस?"

ती पर्स घेऊन तशीच उभी होती. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ती म्हणाली, "मला बरं वाटलं गं ते ऐकून." आणि रडायला लागली. मग मीही रडले. दोघी रडलो, पण एका खोलीत नाही. आई स्वयंपाकघरात होती आणि मी बाहेर.

नंतर मी काकींकडे जाईना. त्यांनी मला काही म्हटलं नव्हतं, म्हटलं असतं तर बरं झालं असतं. दुपारी दीडला जिना चढताना मी चपला हातात घ्यायची आणि किल्ली फिरवताना कुलपावर तळहात दाबायची, आवाज जाऊ नये म्हणून. आत येऊन बसले की समोरच्या घरातला कात्रीचा आवाज यायचा. पूर्वी घर रिकामं होतं म्हणून एकटं वाटायचं. आता माझ्यापासून चार पावलांवर एक उघडं दार होतं आणि तिथे जायचं तोंड मला नव्हतं. चार वाजता घशात यायचं ते परत यायला लागलं, आणि आता मला माहीत होतं की हा ताप नाही.

आईने दोनदा म्हटलं, आपण जाऊन बोलू या. पण ती रात्री आठला यायची आणि बोलणं दुसऱ्या दिवसावर जायचं. शेवटी दहा-बारा दिवसांनी मी एकटीच गेले. उंबऱ्यातच उभी राहिले. काकी काम करत होत्या.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले.

"हां."

"चुकलं माझं."

"हां." त्यांनी गाठ मारली, धागा कापला. मग हात थांबवले. "तुला आई पाहिजे होती. ते कळतं मला. पण मला वाईट नाय वाटलं असं समजू नको. वाटलं. खूप वाटलं." त्या हे रागाने नाही बोलल्या, नुसतं सांगितलं. "परवा पोराचा फोन आला. पहिलाच प्रश्न, आई, शाळेत कसं झालं? मी म्हटलं, फार छान झालं. माझं नाव घेतलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या." त्यांनी ब्रश उचलला. "त्याला नको सांगू हां. येईल तेव्हा विचारलं तर हो म्हण."

मी मान हलवली. त्यांनी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी थोडा वेळ उभी राहिले आणि घरी आले.

पुढे मी त्यांच्याकडे जायला लागले, पण पूर्वीसारखी नाही. त्यांनी मला "हात हाय का फावडा" पुन्हा कधी म्हटलं नाही. चुकलं तर त्या स्वतःच नीट करून ठेवायच्या. पाहुण्याला देतात तसा चहाही द्यायच्या.

सहामाहीच्या आधी काकींचा मुलगा आला. उंच, उन्हाने रापलेला. मी शाळेतून येत होते तेव्हा तो दारातच होता. मला बघून म्हणाला, "अरे, ही का ती? आई सारखी सांगत असते. तू शाळेत तिचं नाव घेतलंस म्हणे सगळ्यांसमोर?"

आत काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला.

"हो," मी म्हणाले.

"काय म्हणालीस, सांग ना. ती काही नीट सांगत नाही, लाजते."

मी दप्तर खांद्यावर घेऊन जिन्यात ताठ उभी राहिले. वर्गात उभं राहतात तशी. आणि म्हणाले, "मला राखी करायला माझ्या समोरच्या काकींनी शिकवलं." मग त्यांचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. माझा आवाज जिन्यात खालपर्यंत गेला. सगळे शब्द बरोबर आले, एकही अडखळला नाही. इतकं सोपं होतं ते.

मुलाने टाळ्या वाजवल्या, एकट्याने. म्हणाला, "बघ आई, तुझी विद्यार्थिनी!"

काकींनी वर पाहिलं नाही. सूप घेऊन त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तो हसून म्हणाला, "बघितलंस? लाजली." मी पण हसले. मग कुलूप उघडून आमच्या घरात गेले आणि दार लावून घेतलं. पावणेदोन वाजले होते. आई यायला अजून सहा तास होते, आणि आई आल्यावरही हे तिला कसं सांगायचं ते मला माहीत नव्हतं.